ज्या तोंडानं हाक मारली

महेशदादाचा, माझ्या आतेभावाचा, फोन आला तेव्हा माझ्या हातात भोंगा होता. कलेक्टर ऑफिसच्या फाटकासमोर आम्ही पाण्यासाठी बसलो होतो. ज्या गल्ल्यांत नळ नुसता हवा सोडतो, तिथल्या बाया रिकामे हंडे घेऊन माझ्यामागं बसल्या होत्या. घोषणा अर्धी तोंडात होती आणि खिशातला फोन थरथरत होता. मी तो कापत राहिले. शेवटी शेजारच्या पोरीनं माझं कोपर ओढलं, "घे ना गं, सारखा वाजतोय." घेतला. पलीकडून दादा म्हणाला, "आई गेली." मी "काय?" म्हणाले… आणि भोंग्याचं बटण दाबलेलंच होतं. माझं ते "काय?" फाटकावरून, पोलिसांच्या गाडीवरून, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानांवरून गेलं. मागच्या बायांना वाटलं, ही नवी घोषणा. त्यांनी हंडे बडवत उचलून धरली. "काय? काय?"

गयाआत्याला हे सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. "मेल्यावर बी माझी मिरवणूक काढली व्हय गं पत्रकवाले," म्हणाली असती. मी कॉलेजात असल्यापासून ती मला याच नावानं हाक मारायची. मला नाव आहे, चांगलं आहे, पण तिच्या तोंडून ते मी शेवटी कधी ऐकलं ते आठवत नाही.

दुपारी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. ओट्याला पाठ टेकून, खाली फरशीवर. सोनालीवहिनी पोरांना आणायला शाळेत गेली होती. परत आली तेव्हा मेथी निवडून झालेली होती आणि आत्या तशीच टेकलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. मी काही डॉक्टरांशी भांडत नाही. पण त्या ओट्याला पाठ लावून ती तीन वर्षं कशाची वाट बघत बसली होती, ते मला माहीत आहे. ते लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. पुरवणीच्या संपादकांनी "आठवणी जरा हळुवार लिहा" असं सांगितलंय. बघते जमतंय का.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. आम्ही फुलंब्रीकडची, मूळची मेंढरं राखणारी माणसं. आता मेंढरं गेली, थोडं रान आणि एक शेततळं राहिलंय. आत्या लग्न होऊन बजाजनगरला गेली. तिच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. ते वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. घर बैठं, मागं जेमतेम वावभर जागा, आणि त्या जागेत आत्यानं सिमेंटचं हौदासारखं टाकं बांधून घेतलेलं. त्यात तिची बदकं. शेजारी कुणी नांदेडचे, कुणी बिहारचे, कुणी जळगावचे. सगळे कामाला आलेले, कुणाच्या ताटात काय आहे ते बघायला कुणाला सवड नव्हती. संध्याकाळ झाली की आत्या मागच्या दारात उभी राहून हाक मारायची. "या गं या… या गं बाई या…" शेवटचा 'या' लांबवत, किंचित वर नेत. मेंढरांना घालतात तीच हाक, फक्त अंगण मावेल एवढी लहान केलेली. बदकं टाक्यातून उतरून, अंग झटकत, एकामागं एक डुलत तिच्या पायांपाशी यायची. एखादं मागं राहिलं तर ती त्याच्यासाठी वेगळी हाक घालायची. सुट्टीत मी तिच्याकडं राहायला जायचे, तेव्हा मला वाटायचं की ही हाक मारते म्हणूनच संध्याकाळ होते.

वर्षातून काही वेळा त्यातलं एक बदक शिजायचं. कुणी लांबून आलं की. घरात कुणाकुणाची बोलचाल बंद झाली असली तर हमखास. आणि त्या दिवशी आत्या मुकी व्हायची. म्हणजे अक्षरशः. चूल पेटली की तोंड मिटलं, ते सगळ्यांची ताटं घासून होईपर्यंत उघडायचं नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एवढीशी होते, पाटावर बसले होते, आणि आत्या माझ्याशी बोलेना म्हणून रडायला लागले. मामांनी मला जवळ ओढलं. "तुझ्यावर नाय रुसली ती. आज तिचा आवाज बंद. पळीचं ऐक." तेवढ्यात आत्यानं पातेल्याच्या काठावर पळी वाजवली, ठक ठक, आणि माझ्याकडं बघितलं. मामा म्हणाले, "दोनदा वाजवलं म्हंजे घे. एकदा वाजवलं म्हंजे बस झालं, आता दुसऱ्याला." मी नाक पुसत ताट पुढं केलं. ती पितळी पळी, लांब दांड्याची, टोकाला आकडा वळवलेली. त्या दिवसापुरती तीच आत्याची जीभ.

बदक म्हणजे कोंबडी नव्हे, हे तिच्या हाताखाली शिकावं लागायचं. कोंबडी उकळत्या पाण्यात बुडवली की पिसं सुटतात. बदकाच्या पिसांवरून पाणी नुसतं ओघळून जातं. मग ते गरम पाण्यात दाबून धरायचं, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं, वाफ आत शिरली की उपसायला बसायचं, आणि उरलेली लव जाळावर भाजायची. शेपटीपाशी तेलाची गाठ असते, ती आधी काढून टाकायची. ती राहिली की सगळं पातेलं उग्र. मग तुकडे कोरड्या पातेल्यात, कातडीची बाजू खाली. तेलाचा थेंब नाही. बघता बघता चरबी सुटते, पिवळी, पारदर्शक. ती काढून ठेवायची आणि त्यातल्याच थोडीत कांदा, भाजलेलं खोबरं, तीळ, लवंग, दगडफूल आणि तिचा काळा मसाला. मग मंद आच. घाई करायची नाही. "कोंबडी शिजंस्तोवर पाहुणा थांबतो," ती म्हणायची, "बदक शिजंस्तोवर पाहुणा घरचा होतो." हे अर्थात आदल्या दिवशी म्हणायची, कारण त्या दिवशी ती काही म्हणायचीच नाही. एका बदकाचं मांस तसं थोडं, खाणारे जास्त. कुणी तुकडा मागायचा नाही. ती ठरवायची. ज्या दोघांचं बिनसलेलं असायचं त्यांना शेजारी बसवून एकाच तंगडीचे दोन भाग करून वाढायची, आणि पळी वाजवत दोघांकडं आळीपाळीनं बघत राहायची. अण्णा आणि मामा यांचं एकदा बांधावरून वाजलं होतं, वर्षभर बोलत नव्हते. त्या तंगडीपाशी बोलले. काय बोलले? अण्णा म्हणाले, "मीठ घे." तेवढं पुरलं.

ती स्वतः बदक खायची नाही. दही-भाकरी आणि मिरची घेऊन सगळ्यात शेवटी चुलीपाशी बसायची.

कॉलेजात मी पत्रकं काढायला लागले. छावणीतल्या एका प्रेसमध्ये छापून घ्यायचे आणि उरलेला गठ्ठा ठेवायला जागा नसली की आत्याकडं टाकायचे. एकदा गेले तर बाई माझ्या पत्रकांचे थर अंथरून त्यावर बदकाची पिसं उपसत बसलेली. 'जागे व्हा' या शब्दांवर ओली पिसं. मी भडकले. ती थंडपणे म्हणाली, "लई कामाचा कागद हाय तुझा. पिसं चिकटत नायत." चूल अजून पेटायची होती, म्हणजे तिचा आवाज चालू होता. मी समोर बसले आणि कित्येक वर्षं मनात असलेलं विचारलं.

"आत्या, शिजवायच्या दिवशी तू बोलत काहून नाहीस गं?"

ती उपसत राहिली. मग म्हणाली, "रोज सांजच्याला मी 'या' म्हणते. ती येतात. ज्या तोंडानं 'या' म्हणले त्याच तोंडानं तुला 'घे' म्हणू व्हय? एक तोंड हाय मला."

"मग कापायचं तरी कशाला? पाळायचं तरी कशाला?"

"खायला. मंग काय, पूजेला?"

"मग तू खात का नाहीस?"

"खायचं तोंड बी तेच ना, येडे," ती म्हणाली, आणि माझ्या पत्रकावरचं एक पीस फुंकून उडवलं.

त्या दिवशी तिनं मला तिच्या लहानपणचं सांगितलं. तेलंगणाकडची बदकं चारणारी माणसं एकदा गावच्या तळ्यावर उतरली होती. जाताना एक लंगडं पिल्लू मागं राहिलं. ते हिनं वाढवलं. हाक मारली की लंगडत यायचं. मोठं झाल्यावर घरी पाहुणे आले आणि वडील म्हणाले, "गया, बोलव त्याला, तुझंच ऐकतं ते." हिनं बोलवलं. ते आलं… पुढं तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी, जी कुणालाही काहीही विचारते. ती एवढंच म्हणाली, "त्या दिशी जेवताना मला सगळे म्हणत व्हते, घे, घे. मला वाटलं, त्याला बी ऐकू येतंय."

मामा गेले आणि महेशदादानं बायपासच्या पलीकडं फ्लॅट घेतला. बजाजनगरचं घर सुटलं. बदकं अण्णांच्या शेततळ्यावर आली आणि आत्या चौथ्या मजल्यावर गेली. सोसायटी मोठी, बाग आहे, लिफ्ट आहे, देवाचं छोटं मंदिर आहे. आणि एक नियम आहे जो कुठंही लिहिलेला नाही. लिहिला तर त्याच्याशी भांडता येईल, म्हणून लिहायचा नाही. "आपल्याकडं सगळे शाकाहारी आहेत, म्हणजे… तशी अपेक्षा आहे," असं हसत हसत सांगितलेलं. एकदा कचऱ्यात अंड्याचं टरफल सापडलं तर सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रासकट मजकूर आला, सर्वांच्या भावनांचा आदर करावा. दादानं तो आत्याला वाचून दाखवला. आत्यानं निरागसपणे विचारलं, "कुणाच्या भावना अंड्यात असत्यात रं?" दादा हसला नाही. खाली पार्किंगमध्ये गटार तुंबून आठवडे जातात, त्याचा वास त्या इमारतीत कुणाला येत नाही. चौथ्या मजल्यावर कांदा जरा जास्त परतला की मात्र नाकं लगेच दारात.

दादा वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी त्याला तोंडावर बरंच काही बोललेय. त्याला रोज त्या लिफ्टमधून जायचं होतं, पोरांना त्याच बागेत खेळायचं होतं. आत्यानं आल्या आल्या एकच गोष्ट मागितली होती. "एकदा इथं बदक करून वाढीन म्हणते. माझ्या ह्या वट्यावर. मंग हे घर माझं." दादा म्हणाला, बघू आई. दिवाळी झाल्यावर बघू. चेअरमन बदलला की बघू. ती मागं लागली नाही. संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची. वहिनी सांगते, तिचे ओठ हलायचे, आवाज नसायचा.

मी गप्प बसणार होते का? मी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, शीर्षक होतं 'आमच्या चुलीवर तुमचा पहारा कशासाठी?' आत्याला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "माझं नाव काढ त्यातून."

"अगं, तुझ्यासाठीच लिहिलंय!"

"मला भांडायचं नाय गं माय. मला वाढायचंय. भांडून केलेलं वाढू कुणाला? तू मोर्चा आणशील, पोरं घोषणा देतील, मी काय त्यांच्या ताटात रस्सा वाढू? मला ह्यांनी जेवायला बसायला पायजे." ह्यांनी म्हणजे दादा, वहिनी, पोरं. आणि तिनं खिडकीबाहेर मान हलवली, म्हणजे ते समोरचेही.

ही आमची शेवटची भेट. निघताना तिनं माझ्या हातात भाजलेल्या शेंगा दिल्या आणि म्हणाली, "घसा बसलाय तुझा. जरा कमी वरडत जा." मी जिना उतरले. लिफ्ट मी तिथं वापरत नाही, तत्त्व म्हणून. जिन्यात वरून आवाज आल्यासारखा वाटला, लांबवलेला, शेवटी किंचित वर जाणारा. मी थांबले नाही. सभा होती.

दहावा अण्णांकडं, गावी झाला. महिन्याचं पान कुठं वाढायचं यावर मात्र सगळे फ्लॅटमध्ये बसलो. आमच्यात गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं पान वाढतात, मग ते मटणाचं का असेना. कुणीतरी केटररचं नाव काढलं, श्रीखंड-पुरी, सुटसुटीत. मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून दादा आला. त्याच्या हातात पळी होती. आत्याच्या पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. चकचकीत. तीन वर्षं न वापरलेली पळी एवढी चकचकीत कशी राहते? कुणीतरी रोज घासल्याशिवाय राहत नाही. दादा म्हणाला, "बदक करायचं. इथंच. आईच्या वट्यावर." वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं, मग उठून तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली. ती खिडकी कायम लावलेली असायची.

त्या दिवशी सकाळी दादा आणि मी अण्णांच्या तळ्यावर गेलो. बदकं तळ्याच्या मधोमध. अण्णांनी दाणे टाकले, ती हलली नाहीत. दादानं हाक मारली, "या, या." त्याच्या हाकेत घाबरट काहीतरी होतं, बदकं आणखी पलीकडं सरकली. अण्णा म्हणाले, "आक्का गेल्यापासनं काठालाच येईनात." दादा चिखलात उतरायला लागला. मला दया आली त्याची, आणि मी काही विचार न करता हात तोंडाशी नेऊन हाक मारली. "या गं या… या गं बाई या…"

तो माझा आवाज नव्हता. मी रोज रस्त्यावर ओरडते, माझा आवाज मला माहीत आहे. हा शेवटी किंचित वर गेला. तळ्यावर सगळं एकदम थांबलं. आणि मग बदकं वळली. एकामागं एक, पाणी कापत, काठावर चढून, अंग झटकत माझ्या पायांपाशी आली. एक करडं बदक सगळ्यांच्या पुढं होतं. त्यानं मान वाकडी करून माझ्या तोंडाकडं पाहिलं. तोंडाकडंच. मला वाटलं ते विचारतंय, ती कुठंय?

अण्णांनी वाकून त्याला उचललं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "झालं. आता तू बोलायचं नाय."

मी म्हणायला गेले की अण्णा, हे काय, मी नुसती… आणि लक्षात आलं की मला म्हणता येत नाही. कुणी शपथ घातली नव्हती. तोंड मिटलं गेलं होतं. गाडीत मागं पोत्यातून अधूनमधून हलल्याचा आवाज येत होता. दादा गाडी चालवत होता, अण्णा त्याच्या शेजारी. मी संपूर्ण रस्ता बाहेर बघत होते. मारसावळी गेली, चौका गेला, शहराच्या पाट्या सुरू झाल्या. बाकीचं अण्णांनी आणि खाटकानं उरकलं. मी बघितलं नाही.

मग तो ओटा. वहिनीनं जन्मात बदक केलेलं नाही, आणि मला बोलायचं नाही. मी बोटानं दाखवणार, ती ओळखणार. शेपटीची गाठ दाखवली तर तिनं शेपटीच कापून टाकली. कोरड्या पातेल्यात तुकडे ठेवायला खुणावलं तर तिनं तेलाची बाटली उचलली, मी तिचा हात धरला. "मग जळेल ना!" ती ओरडली. चरबी सुटायला लागली तसं ती पातेल्यात वाकून बघत म्हणाली, "अय्या… आईंनी मला हे कधी करूच दिलं नाही." मग तिनं जीभ चावली. कोण करू देत नव्हतं, ते तिलाही माहीत होतं. लवंग, दगडफूल, काळा मसाला पडला आणि तो वास उठला. मी त्या वासाबद्दल काही लिहू शकत नाही. एवढंच सांगते की आतल्या खोलीतून अण्णा धावत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, ओट्याच्या खाली होती, फरशीवर, जिथं ती टेकून बसलेली होती. मग कपाळ चोळत परत गेले.

पानं मांडली. आत्याचं पान भिंतीशी, त्यात दही-भाकरी आणि मिरची. बाकीच्यांना बदक. मी पळी रश्शात बुडवली आणि दाराची बेल वाजली.

चेअरमनकाका होते, आणि त्यांच्यामागं तिसऱ्या मजल्यावरचे एक. चेअरमनकाका सभ्य गृहस्थ. त्यांनी आत्याच्या अंत्ययात्रेला गाड्यांची सोय केली होती. ते हळूच म्हणाले, "महेश, वास येतोय रे. खालपर्यंत."

माझ्या घशात त्या क्षणी सगळं होतं. चुलीवरचा पहारा होता, गटाराचा वास होता, न लिहिलेला नियम होता. एकेक वाक्य धार लावून ठेवलेलं. तीन वर्षं मी याच दारासाठी तयारी केली होती. आणि मी हातात पळी घेऊन उभी, ओठ आवळून. दादा नेहमीसारखा माझ्याकडं बघायला लागला. घरात कुणाशी वाजायचं असलं की तो आधी माझ्याकडं बघतो. मी बोलेन आणि तो मग मला आवरेल, अशी आमची वाटणी आहे. मी त्याच्याकडं नुसती बघत राहिले. त्याला कळलं की आज माझ्याकडून काही येणार नाही.

"येणार, काका," दादा म्हणाला. "बदक शिजलंय."

"अरे पण आपलं ठरलंय ना…"

"आपलं नाही, तुमचं ठरलंय. मी फक्त मान हलवली होती." त्यानं ओट्याकडं हात केला. "आईला इथं एकदा वाढायचं होतं, काका. तीन वर्षं मी तिला बघू बघू म्हणालो. ती रोज ह्या वट्याला टेकून बसायची. तुम्ही ग्रुपवर काय लिहायचं ते लिहा, उद्या मी उत्तर देतो. आज आम्ही जेवतोय. तुम्हाला यायचं तर आत या."

पायऱ्यांवर कुठंतरी दार वाजलं. मागचे गृहस्थ नाकाला रुमाल लावून उभे. मी पातेल्याच्या काठावर पळी वाजवली. ठक ठक. चेअरमनकाकांनी दचकून माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीशी मांडलेल्या त्या एकट्या पानाकडं. ते आत आले नाहीत. चपला वाजवत खाली गेले. ग्रुपवर त्या रात्री मजकूर आला की नाही, ते दादानं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

दार उघडंच ठेवून आम्ही जेवलो. म्हणजे ते जेवले. मी वाढत होते. तंगडीचे दोन भाग केले, अण्णा आणि दादा. सोसायटीला दादा एवढा भितो याचा राग अण्णांच्या मनात तीन वर्षं होता, ते दादाशी धड बोलत नव्हते. मी दोघांसमोर पळी वाजवली. अण्णा तुकडा तोडत म्हणाले, "मऊ झालंय." दादा म्हणाला, "हं." पोरांनी हाडं चोखली आणि आणखी मागितलं. मी एकदा वाजवलं, बस. पोरगी वहिनीच्या कानात म्हणाली, "आजी असंच करायची?" तिनं आजीला असं करताना कधी बघितलंच नव्हतं.

नंतर मी दही-भाकरी घेऊन ओट्याला पाठ लावून फरशीवर बसले. फरशी थंड होती. माझ्या बोटांना चरबीचा, लवंगेचा वास होता आणि डोळ्यांसमोर ती वाकडी केलेली मान. शेवटचं ताट घासून वहिनीनं पालथं घातलं आणि म्हणाली, "झालं हं, आता बोला." मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

आवाज परत आलाच नाही, असं नाही. कालच एका गल्लीत सभा घेतली. पण भोंगा हातात घेतला, बायांना हाक मारायला गेले, "या, सगळ्याजणी या," आणि त्या 'या'ला जीभ अडखळली. कारण बाया येतात. कामं टाकून, हंडे घेऊन, माझ्या तोंडाकडं बघत येतात. याआधी मी त्यांचे आकडे मोजायचे. आता त्यांच्या माना दिसतात. तळ्यावरही मी जाते अधूनमधून, तोंड मिटून. बदकं माझी पावलं ऐकून काठाला येतात, उभी राहतात आणि थांबतात.

पळी दादानं आत लपवली नाही. ओट्यावरच्या खिडकीपाशी खिळ्याला टांगलीय, आकड्यानं. खिडकी आता उघडी असते. परवा संध्याकाळी वहिनीचा फोन आला. कुजबुजत म्हणाली, "ताई, वारं सुटलंय आणि ती पळी गजावर वाजतेय. पोरं घाबरलीत. काढून ठेवू का?" मी म्हणाले, थांब, फोन खिडकीशी धर. तिनं धरला. वारा होता, खाली कुणाची तरी गाडी सुरू होत होती. आणि मग गजावर, अगदी स्पष्ट… ठक ठक.

"काय म्हणतायत आई?" वहिनीनं विचारलं.

घे, म्हणतेय. त्या दिवशी त्या घरात बदक खायचं राहिलेली मी एकटीच होते.